पिकअपला हवेचा पंप: आधी टायर बघा, मग वायर, पंप शेवटी

ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशीला जाणाऱ्या एका बोलेरो पिकअपच्या मालकाचा प्रश्न आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनदा मागचा टायर बसला आणि दुसऱ्या वेळी स्टेपनीतही हवा नव्हती. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतला, तो दोन महिन्यांत जळाला. आता गाडीलाच कायमचा कॉम्प्रेसर बसवायचाय. कोणता घेऊ, कुठे बसवू, टाकी लावायची का, बॅटरी उतरेल का आणि मोठ्या ट्रकसारखं इंजिनावर चालणारं काही जमेल का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, पंपाचं नाव सांगण्याआधी मीच तुम्हाला एक विचारतो. टायर ट्यूबचे आहेत की ट्यूबलेस? मी वीसेक वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतोय. पंप बसवायला आलेल्या दर चार-पाच पिकअपवाल्यांत एक तरी असा निघतो, ज्याच्या टायरात ट्यूब असते. ट्यूबमध्ये खिळा गेला की तुम्ही कितीही भारी पंप लावा, हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. ट्यूब काढून पॅच मारल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि रात्री दोन वाजता माळशेजच्या धुक्यात भरल्या गाडीचा टायर रिममधून काढणं हे एकट्याचं काम नाही. टायरच्या बगलेवर ‘ट्यूबलेस’ असं कोरलेलं आहे का ते बघा, आणि रिमही ट्यूबलेसची आहे का ते टायरवाल्याकडून खात्री करून घ्या. ट्यूबचे असतील, तर पंपाचे पैसे आधी चांगल्या स्टेपनीत आणि दणकट जॅकमध्ये घाला. पंप फक्त हळूहळू उतरणाऱ्या हवेपुरता कामाला येईल. ट्यूबलेस असतील तर पुढे वाचा. मग पंप आणि पंक्चरच्या वाती (भोकात खुपसायच्या चिकट रबरी पट्ट्या) मिळून खरंच तुमची रात्र वाचवतात.

आता हवा किती लागते त्याचा हिशेब. पिकअपच्या पंधरा इंची टायरच्या पोटात साधारण ४५ ते ५० लिटर जागा असते. पूर्ण बसलेला टायर वात मारून ६० पौंडांपर्यंत न्यायचा (पौंड म्हणजे गेजवरचा पीएसआयच), तर बाहेरची सुमारे २०० लिटर हवा आत कोंबावी लागते. लायटरच्या सॉकेटला गाडीत १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे फार तर दीडशे-पावणेदोनशे वॅटची ताकद. असा पंप कारच्या टायरात पाच-सात पौंड वाढवायला ठीक आहे. त्याच्याकडून पिकअपचा टायर शून्यातून साठावर न्यायचा म्हणजे शेळीला नांगराला जुंपायचं. तो वीस-पंचवीस मिनिटं घुरघुरतो, तापतो आणि एक दिवस वास येतो. तुमचा पंप खराब नसावा. त्याला काम चुकीचं मिळालं.

कायमच्या बसवायच्या १२ व्होल्टच्या पंपांत एक सिलिंडरचे आणि दोन सिलिंडरचे असे प्रकार येतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा एक सिलिंडरवाला पंप दाब नसताना मिनिटाला साधारण ६२ लिटर हवा देतो आणि जोडसिलिंडरवाला १७४ लिटर. बाजारात अनेक कंपन्यांचे याच मापाचे पंप मिळतात. पण डब्यावर लिहिलेला आकडा हा शून्य दाबाचा असतो हे ध्यानात ठेवा. टायरात दाब चढला की आकडा उतरतो. ६२ चा पंप ३० पौंडांना ४५ च्या आसपास येतो आणि ६० पौंडांना आणखी खाली. तरीसुद्धा तुमचा बसलेला टायर तो सहा मिनिटांच्या आत-बाहेर भरून देईल. एका गाडीला, चार टायरांना, हे भरपूर झालं. जोडसिलिंडर घेणारे बहुतेक जण वाळूत, डोंगरात हौसेने गाडी चालवणारे असतात. त्यांना चारही टायरांची हवा वरचेवर उतरवायची आणि पुन्हा भरायची असते. टोमॅटोवाल्याला त्याची गरज नाही.

डब्यावर दुसरा एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही: ड्यूटी सायकल. ३३ टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटं चालवून २० मिनिटं थांबायचं. हा आकडा कोणत्या दाबाला आणि किती तापमानाला दिलाय तेही बघा. आपल्या एप्रिल-मे महिन्यात चॅसीखाली, सायलेन्सरच्या शेजारी बसलेल्या पंपाला कागदावरचे ३३ टक्के मिळत नाहीत. आत तापमान वाढलं की आपोआप बंद होणारा थर्मल कटआउट असलेलाच पंप घ्या. तो नसलेला पंप मी बसवत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

इंजिनावरच्या पंपाचं आत्ताच संपवतो, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. मोठ्या ट्रकला हवेचा ब्रेक असतो, म्हणून कंपनीच इंजिनावर कॉम्प्रेसर देते. त्याला इंजिनातूनच ऑइल मिळतं. तुमच्या पिकअपचा ब्रेक हायड्रॉलिक आहे, मदतीला व्हॅक्यूम आहे, तिथे हवेचं काही नाही. मग लोक म्हणतात एसीचा जुना कॉम्प्रेसर पट्ट्यावर लावू. अमेरिकेत जुन्या जीपवाले हे करत आले आहेत, पण ते यॉर्क नावाचा कॉम्प्रेसर शोधून लावायचे, कारण त्याच्या पोटात स्वतःचं ऑइल राहतं. आपल्याकडच्या गोल बांध्याच्या एसी कॉम्प्रेसरचं तसं नाही. त्याचं ऑइल गॅसबरोबर फिरून परत येतं. गॅसऐवजी हवा ओढली की ऑइल बाहेर फेकलं जातं आणि पंप कोरडा पडून जाम होतो. मग आत जाणाऱ्या हवेत ऑइल सोडा, बाहेर येणाऱ्या हवेतून ते गाळा, ब्रॅकेट बनवा, पट्टा एका रेषेत आणा. एवढं सगळं एका टायरसाठी? नको. १२ व्होल्टचाच लावा.

टाकीबद्दल आता जरा सविस्तर, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. दुकानदार म्हणतो, टाकी असली की टायर झटकन भरतो. आकडेच मांडू. १० लिटरची टाकी १२० पौंडांवर भरलेली आहे आणि टायर ६० ला न्यायचाय. टाकी ६० वर आली की तिची ताकद संपली, पुढे हवा ढकलली जात नाही. म्हणजे कामाची हवा निघाली ४१ लिटरच्या आसपास. तुम्हाला हवी होती २००. टाकीने पाचवा हिस्सा काम केलं, उरलेलं पंपानेच करायचं. त्यासाठी तुम्ही टाकी, प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, ड्रेन कॉक, गेज आणि आठ-दहा सांधे वाढवले, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची जागा.

टाकी खरी उपयोगी पडते ती दोन कामांना. एक, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला असेल तर त्याला एकदम हवेचा धक्का द्यावा लागतो, नुसत्या पंपाच्या धारेने तो कडेला बसत नाही. दुसरं, रेडिएटरची जाळी, क्रेटमधला कचरा, केबिनमधली धूळ फुंकून काढायला. इम्पॅक्ट पान्याचं स्वप्न मात्र सोडा. अर्धा इंची हवेचा पाना ९० पौंडांना मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर पितो. तुमची टाकी त्याला काही सेकंद पुरेल. चाकाच्या नटांसाठी बॅटरीवरचा पाना घ्या, तो स्वस्त पडतो. फुंकायचाच विषय निघाला म्हणून आणखी एक: इंजिनाचा एअर फिल्टर टाकीच्या पूर्ण दाबाने फुंकू नका. कागद फाटतो, फाटलेलं डोळ्याला दिसत नाही आणि धूळ थेट इंजिनात जाते. तीसेक पौंडांच्या आत, आणि आतून बाहेर.

टाकी लावायचीच असेल, तर हवेच्या दाबासाठीच बनवलेली, दाब शिक्क्यावर लिहिलेली घ्या. गॅसचा जुना सिलिंडर, आग विझवायचा रिकामा नळकांडा, फॅब्रिकेशनवाल्याने पाइपला दोन्हीकडून पत्रा मारून बनवलेली टाकी, यातलं काही मी गाडीखाली टांगणार नाही. ८ बारला (म्हणजे ११६ पौंडांच्या आसपास) भरलेल्या १० लिटर टाकीत जी शक्ती कोंडलेली असते, ती ५० किलोचं पोतं सात-आठ मजल्यांवरून खाली टाकल्यावर होईल तेवढी असते. वेल्डिंग फाटलं तर ती सगळी एका क्षणात बाहेर येते, आणि तुम्ही त्या टाकीवर बसून घाट उतरत असता.

आणि पाणी. पावसाळ्यात घाटमाथ्यावरची ३० अंशांची दमट हवा हजार लिटर ओढली, तर तिच्यात २५-२७ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ८ बारला दाबून थंड झाली की त्यातली बरीचशी, जवळजवळ पाच छोटे चमचे, टाकीच्या तळाशी पाणी होऊन पडते. पाच टायर भरलेत की हजार लिटर झाले. ड्रेन कॉक सगळ्यात खाली असलाच पाहिजे आणि आठवड्याला उघडलाच पाहिजे. नाहीतर दोन पावसाळ्यांत टाकी आतून कुजते आणि बाहेरचा रंग चकचकीतच राहतो.

एकंदरीत तुमच्यासाठी माझं मत: टाकी नको. पंप, आठ-दहा मीटरची नळी, गेजवाली बंदूक. बस्स.

आता वायर, आणि इथे मी तुम्हाला जास्त वेळ बसवणार आहे. ‘पंप खराब निघाला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींतले बहुतेक पंप बिचारे चांगले होते, त्यांच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती.

एक सिलिंडरचा चांगला पंप दाबाखाली ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. नेमका आकडा तुमच्या पंपाच्या कागदावर बघा. बॅटरी पुढे, पंप हौद्याखाली मागे, वायरचा रस्ता पाच मीटर. वीज जाते तशी परतही येते, म्हणून दहा मीटर धरा. ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर ३० अँपिअरला वाटेतच दीड व्होल्ट खाल्ला जातो. अडीच स्क्वेअरच्या वायरीत जवळजवळ अडीच व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर १३.८ देतोय आणि मोटरला ११.४ मिळतायत. मोटर हळू फिरते, जास्त वेळ चालते, जास्त तापते आणि मग मालक म्हणतो पंप नाजूक आहे. तेच १० स्क्वेअरची वायर टाकली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर राहतं. मी १० स्क्वेअरच्या खाली जात नाही. पंप पुढे, बॅटरीच्या जवळ बसला तर ६ स्क्वेअर चालेल.

वायर तांब्याची आहे का तेही बघा. म्युझिक सिस्टिमच्या अॅम्प्लिफायरबरोबर मिळणाऱ्या जाडजूड लाल वायरींत पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर दुकानदाराला परत करा. घरगुती वायर तांब्याची असते, पण तिचं आवरण इंजिनाची उष्णता आणि डिझेल सोसण्यासाठी बनवलेलं नसतं. गाडीची मल्टिस्ट्रँड केबल घ्या, वरून कंड्यूट चढवा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका भाजीवाल्याच्या गाडीला मी ४ स्क्वेअरची वायर टाकली होती, शिवाय फ्यूज पंपापाशी लावला होता, कारण तिथे बदलायला सोपा. सहा महिन्यांनी वायर चॅसीच्या कडेवर घासून कापली गेली. फ्यूज कापल्या जागेच्या पुढे, पंपाकडे होता, त्याला काय कळणार? बॅटरीपासून कापल्या जागेपर्यंतची वायर लाल झाली, आवरण वितळलं, शेजारच्या हेडलाइटच्या वायरी घेऊन गेली. गाडी वाचली ती ड्रायव्हरने पान्याने बॅटरीचं टर्मिनल उपटलं म्हणून. त्या गाडीची सगळी वायरिंग मी माझ्या खिशातून बदलून दिली.

तेव्हापासून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज पंपाला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. ३० अँपिअरच्या पंपाला आणि १० स्क्वेअरच्या वायरीला ४० चा मोठ्या पात्याचा फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये. जाडी वाढवण्यासाठी फ्यूजवर तार गुंडाळणाऱ्याला गाडीजवळ उभं करू नका.

पुढे रिले, म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. डॅशबोर्डवरच्या बटणातून ३० अँपिअर थेट न्यायचे नाहीत, बटण वितळेल. बटणाने फक्त रिलेची कॉइल चालवायची, पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीकडून आलेली जाड वायर, ८७ ला पंप, ८५ आणि ८६ कॉइलचे, एक बटणाला आणि एक अर्थला. ४० अँपिअरचा, पाणी न शिरणारा, सीलबंद रिले घ्या आणि पाय खाली करून लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही. बटणाची वीज इग्निशनच्या चावीतून येणाऱ्या फ्यूजवरून घ्या. टाकी लावणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं. प्रेशर स्विच कॉइलच्या वाटेत असतो. टाकी रात्री गळून दाब ९० वर आला की पंप आपसूक चालू होतो, १२० ला बंद होतो, पुन्हा गळते, पुन्हा चालू. चावीची अट नसेल तर सकाळी बॅटरी उतरलेली.

अर्थिंग. पंपाची काळी वायर चॅसीला लावताना रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वायसर घाला, नट आवळा, वर ग्रीस फासा. चॅसीपासून बॅटरीपर्यंतची कंपनीची अर्थ पट्टी जुनी, हिरवी पडलेली असेल तर तीही बदला. आणि नव्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटी डबी दिसली, तर तो बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर आहे. त्याला वगळून थेट बॅटरीच्या खुंटीवर अर्थ लावू नका. नाहीतर किती वीज गेली ते गाडीला कळत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. चॅसीलाच लावा. नवी गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वायरिंगला कुठेही ब्लेड लावू नका. पंपाची लाइन सगळी वेगळी काढा. उद्या काढली तर खूण राहायला नको.

लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबायचं म्हणजे पक्कडीने चेपायचं नाही. हायड्रॉलिक नाहीतर चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबून वर हीट श्रिंक. नुसतं डाग देऊन सोडलेला सांधा चॅसीच्या थरथरीने डागाच्या कडेला तुटतो.

बॅटरी उतरेल का, असं विचारलंत. इंजिन बंद ठेवून सहा मिनिटं ३० अँपिअर ओढले तरी ३ अँपिअर-तासच गेले. बॅटरीच्या मानाने ते किरकोळ आहे. तरी इंजिन चालू ठेवूनच पंप वापरा, कारण चालू इंजिनावर मोटरला जास्त व्होल्टेज मिळतं आणि काम लवकर उरकतं. फक्त नुसत्या आयडलवर अल्टरनेटर पूर्ण ताकद देत नाही. पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू असेल तर ब्लोअर बंद करा आणि एक्सलरेटर किंचित दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा. यासाठी मोठा अल्टरनेटर बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुन्या डिझेल गाड्यांत पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. भलताच अल्टरनेटर बसवलात तर ब्रेक दगडासारखा होईल.

बसवायचा कुठे? बॉनेटखाली वायर कमी लागते, पण तिथली गरमी पंपाचा विश्रांतीचा वेळ वाढवते. सीटखाली कोरडं असतं, म्हणून पुष्कळ जण तिथेच बसवतात. माझा त्याला विरोध आहे. एका गाडीत असा पंप होता आणि मालकाने वरून रिकामे बारदान कोंबलं होतं. बारदान काळं पडलं, पेटलं नाही हे नशीब. पंपाच्या तोंडातून निघणारी हवा किती गरम असते याची लोकांना कल्पना नसते. कागदावरच्या गणिताने ८ बारला ती अडीचशे अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात सिलिंडरवरच्या पातळ पात्यांतून उष्णता निघून जाते, पण शंभराच्या वर सहज असते.

म्हणूनच पंपाबरोबर येणारी जाळीची, आत टेफ्लॉन असलेली आखूड नळी काढून टाकू नका. ती दिसायला गिचमिड वाटते, म्हणून लोक तिच्या जागी निळी पीयू (पॉलियुरेथेनची, प्लॅस्टिकसारखी) नळी थेट लावतात. पीयू साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि फिटिंगमधून सटकते. जाळीच्या नळीनंतर हवा थोडी निवते, तिथून पुढे पीयू किंवा नायलॉन चालते. नळीच्या टोकाला परत न येऊ देणारा चेक व्हॉल्व्ह असेल तर तोही तिथेच राहू द्या.

माझी आवडती जागा केबिन आणि हौद्याच्या मधली, चॅसीच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या उलट कुशीला. चॅसीला नवं भोक पाडायचं तर उभ्या पट्टीला, वरच्या-खालच्या आडव्या कडेला कधीच नाही. भार त्या कडांवर येतो, तिथे भोक म्हणजे तडा. त्याहून बरं म्हणजे कंपनीने आधीच पाडलेली भोकं शोधा, दोन-तीन सापडतातच. वेल्डिंग तर मुळीच नको. कुठे ब्रॅकेटला वेल्डिंग लागलंच तर ते गाडीवरून काढून टेबलावर करा. पंपाखाली रबरी बुश घाला, कारण पंप स्वतः थरथरतो आणि गाडीचे पाटे वरून वेगळे नाचवतात. पाटे पूर्ण दाबले गेल्यावर, म्हणजे भरल्या मालात, प्रॉपेलर शाफ्ट आणि एक्सल कुठवर वर येतात ते बघूनच जागा पक्की करा. रिकाम्या गाडीत सगळं मोकळं दिसतं.

तिथे पाणी आणि चिखल उडणार. मोटर सोसेल, पण हवा ओढायचं तोंड सोसणार नाही. फिल्टर काढून नळीने वर आणा, केबिनच्या पाठीमागे खिडकीच्या उंचीला. पाऊस थेट पडणार नाही असं तोंड खाली करा. ओढ्यातून गाडी काढली आणि पंपाने पाणी ओढलं, तर पिस्टन एका फेरीत संपतो, कारण पाणी दाबलं जात नाही.

हवा बाहेर घ्यायचा कपलर (नळी अडकवायचं तोंड) मागच्या फाळक्याजवळ, आतल्या बाजूला. ड्रायव्हरच्या दाराखालीही चालतो, पण तिथून मागचा डावा टायर गाठायला नळी गाडीभोवती फिरवावी लागते. कपलरला रबरी टोपी हवीच, नाहीतर चिखल बसून आठवड्यात जाम.

फिटिंगचं एक सांगतो, बाकी माणसं ठेचा खाऊन शिकतात. बाहेरून आलेल्या पुष्कळ पंपांना अमेरिकन एनपीटी आटे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बीएसपी मिळतात. पाव इंचात एकाला इंचाला १८ आटे आणि ६० अंशांचा कोन, दुसऱ्याला १९ आटे आणि ५५ अंश. फिटिंग दोन-तीन फेरे छान जातं, मग अडतं, माणूस जोर लावतो आणि पंपाचं अॅल्युमिनियमचं तोंड चिरतं. अडलं की थांबा, अॅडॉप्टर आणा. टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचा तुकडा चेक व्हॉल्व्हमध्ये अडकला की शोधता शोधता दिवस जातो.

सगळं झालं की साबणाचं पाणी प्रत्येक सांध्याला. टाकी असेल तर दाब भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाच-सहा पौंड उतरलेले दिसले तर घाबरू नका, दुपारची ऊब जाऊन पहाटेचा गारवा आला की तेवढे नुसते थंडीनेच उतरतात. वीस उतरले तर कुठेतरी गळतंय.

कायद्याचं थोडक्यात. टायर भरायच्या पंपाला कुणी अडवत नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. म्हणून हौद्याची लांबी-रुंदी, चॅसी यांना हात लावू नका. आणि हवा आहेच तर प्रेशर हॉर्न लावू, हा मोह टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न बंद आहेत. माझ्याकडे तो बसवून मिळणार नाही.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर पंपाला जेवढे मोजाल त्याच्या जवळपास तेवढेच वायर, फ्यूज, रिले, नळी, फिटिंग आणि मजुरीला बाजूला ठेवा. इथे कापाकापी केली तर पहिल्या परिच्छेदातला जळका पंप पुन्हा मिळेल, फक्त महाग.

पंप बसेपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय सांगून ठेवतो, जुने ट्रकवाले करायचे. दोन्ही टोकांना टायरचा चक (व्हॉल्व्हवर बसणारं तोंड) असलेली नळी बनवून घ्या. बसलेल्या टायरला वात मारायची आणि स्टेपनीतली हवा त्यात सोडायची. स्टेपनी ६५ वर असेल तर दोन्ही ३२ च्या आसपास येऊन थांबतील. भरल्या गाडीला ते पुरत नाही, पण माल उतरवलेली गाडी हळूहळू हवावाल्यापर्यंत जाते.

यासाठी स्टेपनीत हवा हवी, आणि तुमची दुसऱ्या वेळी नेमकी तिथेच अडली. ती हौद्याखाली टांगलेली असते, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला गेलेला असतो, म्हणून वर्षभर कुणी तिच्यात गेज लावत नाही. पंप बसवायला गाडी आणाल त्या दिवशी स्टेपनी खाली घेऊ, व्हॉल्व्हला वाकडी लांब नळी जोडू आणि तिचं तोंड चाकाच्या कडेला बाहेर काढून क्लिपने बांधू. मग दर रविवारी वाकूनच गेज लावता येईल.